मंत्री (शब्दार्थ व शब्दप्रवास)

मंत्री : राजाला किंवा शासनप्रमुखाला राज्यकारभारात सल्ला देणारा व त्याच्या वतीने कारभाराचे एखादे खाते सांभाळणारा अधिकारी. मूळ संस्कृत शब्द ‘मन्त्रिन्’. भारतीय भाषांप्रमाणेच मलाय, जावानीज, थाई, ख्मेर ह्या आग्नेय आशियातील भाषांतही तो रूढ असून पोर्तुगीजांच्या द्वारे ‘मँडरिन’ ह्या रूपाने तो यूरोपीय भाषांत गेला. ह्या प्रवासात त्याचे अर्थ इतके पालटले, की महाराष्ट्राचा मुख्यमंत्री, जावातील खेड्यात मलमपट्टी करणारा आरोग्यसेवक, चीनची राजभाषा आणि संत्र्याच्या वर्गातील एक फळ ह्या सर्वांच्या नावांत एकच शब्द दडलेला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. प्रस्तुत नोंदीत मंत्रिपदाच्या घटनात्मक स्वरूपाचा नव्हे, तर ह्या शब्दाच्या व्युत्पत्तीचा व अर्थांतरांचा विचार केला आहे.

‘मन्’ (विचार करणे) ह्या धातूला साधनवाचक ‘त्र’ प्रत्यय लागून ‘मंत्र’ हा शब्द सिद्ध होतो. ज्याच्या योगे विचार करावयाचा तो मंत्र. वैदिक वाङ्‌मयात देवतांना उद्देशून रचलेली ऋचा हा त्याचा प्रमुख अर्थ होय. अवेस्ताच्या भाषेत ह्याच घडणीचा ‘मांथ्र’ हा शब्द पवित्र वचन ह्या अर्थी येतो आणि गाथांमध्ये जरथुश्त्राला ‘मांथ्रन्’, म्हणजे पवित्र वचन उच्चारणारा, असे म्हटले आहे. तेव्हा ‘मंत्र’ शब्द भारतीय व इराणी शाखा विभक्त होण्यापूर्वीचा आहे, हे उघड आहे. ‘मांथ्रन्’ आणि ‘मन्त्रिन्’ ह्यांचे प्रत्यय मात्र भिन्न आहेत. राजाचा सल्लागार हा अर्थ केवळ भारतात विकसित झाला. संस्कृतात ‘मंत्र’ ह्याला पुढे ‘गुप्त खलबत’ असा दुसरा अर्थ प्राप्त झाला आणि ज्याच्यापाशी असा मंत्र आहे, तो मंत्री ठरला. पहिल्या अर्थापासून मराठीत ‘मांत्रिक’ आणि दुसऱ्यापासून ‘मंत्री’ असे दोन शब्द वेगळे राहिले, हे सोयीचेच झाले.

‘मन्’ धातूचे भाऊबंद यूरोपीय भाषांत पुष्कळ आहेत. लॅटिन ‘मेन्स’ (मन) हा त्यांपैकी एक. ग्रीक महाकाव्यात ओडिस्यूसच्या पुत्राला उपदेश करणाऱ्या मेंटॉर ह्या पात्राचे नावही ह्याच धातूशी जोडले जाते. इंग्रजीतील ‘मेंटॉर’ (मार्गदर्शक) व संस्कृत ‘मंत्री’ ह्यांतील साम्य हे अशा दूरच्या नात्याचे आहे. एकाने दुसऱ्यापासून शब्द उचललेला नाही. पुढे येणारे ‘मँडरिन’चे प्रकरण नेमके ह्याच्या उलट, म्हणजे उसनवारीचे आहे.

प्राचीन राजनीतिग्रंथांत मंत्री आणि इतर अधिकारी ह्यांच्यात स्पष्ट भेद केलेला आढळतो. कौटिलीय अर्थशास्त्राच्या मते योग्यता पाहून अनेकांना अमात्य नेमता येईल. परंतु म्हणून ते सर्व मंत्री होत नाहीत. प्रत्यक्ष खलबतासाठी तीन किंवा चार मंत्री असावेत, असे कौटिल्य सांगतो. वेतनाच्या प्रकरणात मंत्र्याला ४८,००० पण, तर मंत्रिपरिषदेच्या सदस्याला १२,००० पण विहित केले आहेत. ह्यावरून मंत्री व मंत्रिपरिषदेचा सदस्य ह्यांच्यात चौपट अंतर होते. खलबताची जागा अशी असावी, की तेथे पक्ष्यांनाही डोकावता येऊ नये, कारण पोपट, मैना व कुत्री ह्यांच्याकडून मंत्र फुटल्याचे ऐकिवात आहे, असा इशाराही तेथे आहे. एकंदरीत ‘मंत्री’ शब्दात अधिकारापेक्षा गोपनीयतेचा भाग मोठा होता. अमरकोशात मात्र मंत्री, धीसचिव व अमात्य हे शब्द पर्याय म्हणून दिले असून प्रत्यक्ष काम पाहणाऱ्यांना कर्मसचिव म्हटले आहे. म्हणजे कोशकाराच्या काळापर्यंत जुना काटेकोर भेद पुसट झाला असावा.

मराठ्यांच्या राज्यकारभारात ह्या शब्दाला पुन्हा निश्चित अर्थ लाभला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी (१६७४) अष्टप्रधानांच्या फार्सी नावांना संस्कृत पर्याय देण्यात आले. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत झाला आणि वाकनीस हा मंत्री झाला [→ अष्टप्रधान मंडळ]. वाकनिसाचे काम राजाच्या दैनंदिनीची नोंद ठेवणे, त्याच्या खाजगी कारभारावर व भेटीगाठींवर लक्ष ठेवणे हे होते. आजच्या भाषेत तो खात्याचा प्रमुख नव्हे, तर राजाच्या निकटचा विश्वासू होता. सर्वांत वरचे पद मुख्य प्रधान अथवा पंतप्रधान हे होते. मराठीने ह्याची आठवण जपली आहे. हिंदीत ‘प्रधानमंत्री’ असा शब्द रूढ झाला असता मराठीत ‘पंतप्रधान’ हाच कायम राहिला. राज्याच्या प्रमुखाला मात्र मराठीतही ‘मुख्यमंत्री’ म्हणतात. त्यामुळे एकाच शासनपद्धतीतील दोन समांतर पदांना मराठीत दोन वेगवेगळ्या परंपरांची नावे मिळाली आहेत.

भारतातील इतर भाषांत अर्थाच्या छटा निराळ्या आहेत. हिंदी व गुजरातीत संस्थेच्या चिटणिसालाही मंत्री म्हणतात. मराठीतील ‘सरचिटणीस’ हा हिंदीत ‘महामंत्री’ असतो. गुजरातेत ग्रामपंचायतीच्या पातळीवर ‘तलाटी-कम-मंत्री’ असे पद आहे. तलाठी व मंत्री हे शब्द एका पदनामात शेजारी पाहून मराठी वाचक क्षणभर थबकतो, परंतु तेथील ‘मंत्री’ हा पंचायतीचा चिटणीस होय. बंगालीत बुद्धिबळातील वजिराला मंत्री म्हणतात. तमिळमध्ये ‘मंदिरी’ हा शब्द होता व आहे. तथापि शासकीय व्यवहारात ‘अमैच्चर्’ ह्या शब्दाला पसंती मिळाली. हा शब्द अस्सल तमिळ वळणाचा वाटत असला, तरी तमिळ कोशात त्याचे मूळ संस्कृत ‘अमात्य’ असेच दिले आहे. संस्कृत शब्द टाळण्यासाठी दुसरा संस्कृतोद्भव शब्द जवळ करण्याचा हा प्रकार भाषाशुद्धीच्या चळवळींत अन्यत्रही घडतो.

आग्नेय आशिया : इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांपासून व्यापार आणि धर्म ह्यांच्या द्वारे संस्कृत राजकीय परिभाषा समुद्रापार गेली. सातव्या शतकातील श्रीविजयाच्या जुन्या मलाय शिलालेखांत संस्कृत शब्दांचा भरणा आहे. जावातील मजपहित राज्यात राजघराण्यातील व्यक्तींना ‘महामंत्री’ ही उपाधी असे आणि वरिष्ठ कारभाऱ्यांच्या मंडळालाही मंत्रिपदाचा शब्द लावलेला आढळतो. पदनामे परक्या दरबारात गेली, की त्यांचे मूळ काम मागे राहते व प्रतिष्ठा तेवढी सोबत जाते. मलाक्काच्या सुलतानाचा प्रमुख कारभारी ‘बंदहारा’ हे त्याचे उत्तम उदाहरण. ह्या शब्दाचे मूळ ‘भांडागार’ ह्या संस्कृत शब्दात आहे. भारतात कोठारापुरता असलेला शब्द तेथे राज्याचा पहिला मानकरी झाला आणि आजच्या इंडोनेशियन भाषेत पुन्हा खाली उतरून संस्थेचा खजिनदार ह्या अर्थी स्थिरावला.

‘मंत्री’ शब्दाचे तेथे झालेले विभाजन याहून लक्षणीय आहे. मलायमध्ये जोडाक्षर सुटून ‘मंतरी’ असे रूप झाले. मलेशियाचा पंतप्रधान म्हणजे ‘पर्दाना मंतरी’. ह्यातील पर्दाना हा आपला ‘प्रधान’च होय. वंशपरंपरागत राजपद असलेल्या मलेशियन राज्यांतील मुख्यमंत्र्याला ‘मंतरी बसार’, म्हणजे मोठा मंत्री, अशी संज्ञा आहे. इंडोनेशियन भाषेतही केंद्रीय मंत्री हा ‘मंतरी’च आहे, पण त्याच भाषेत जावानीजमधून आलेला ‘मांत्री’ हा जुळा शब्दही नांदतो आणि त्याचा अर्थ कनिष्ठ अधिकारी असा आहे. डच अंमलात वरची सत्ता डचांकडे गेली आणि बुपाती, वेदाना अशा देशी अधिकाऱ्यांच्या उतरंडीत ‘मांत्री’ तळाच्या पायऱ्यांवर राहिला. जंगलाची राखण पाहणारा, जमिनीची मोजणी करणारा असे अनेक मांत्री निर्माण झाले. एकोणिसाव्या शतकात जावात देवीची लस टोचणाऱ्या देशी कर्मचाऱ्याला ‘मांत्री चाचार’ (देवीचा मांत्री) म्हणत. पुढे हाच शब्द ग्रामीण भागातील पुरुष परिचारकाला लागला. डॉक्टर दूर असलेल्या खेड्यांत लोक आजही आजारपणात ज्याच्याकडे धाव घेतात, तो हा मांत्री. राज्य परकीयांच्या हाती गेले, की राजाच्या सल्लागाराचे काय होते, ह्याचा इतिहासच ह्या एका शब्दाच्या दोन रूपांत साठलेला आहे.

थायलंड व कंबोडिया येथे हा शब्द नव्या शासनपद्धतीची परिभाषा घडविताना कामी आला. थाईमध्ये मंत्र्याला ‘रत्थमोन्त्री’ (राष्ट्र + मंत्री) व पंतप्रधानाला ‘नायोक रत्थमोन्त्री’ म्हणतात. त्याच धर्तीवर महापौराला ‘नायोक थेत्समोन्त्री’, म्हणजे अक्षरशः ‘नायक देशमंत्री’, असे भारदस्त नाव आहे. ख्मेरमध्ये नुसता ‘मोन्त्रेई’ म्हणजे कोणताही सरकारी अधिकारी.

‘मँडरिन’ची व्युत्पत्ती : अफोंसो द अल्बुकर्क ह्याने १५११ मध्ये मलाक्का जिंकले. त्या बंदराची व्यवहारभाषा मलाय होती. तेथील दरबारी अधिकाऱ्यांना ‘मंतरी’ म्हणतात, हे पोर्तुगीजांच्या कानी पडले आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील त्यांच्या लेखनात ‘मांदारीं’ हा शब्द दिसू लागला. पोर्तुगीज गलबतवाले १५१३ पासून चीनच्या किनाऱ्यावर पोहोचू लागले, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांसाठी त्यांच्यापाशी हा शब्द तयारच होता. मकाव येथे त्यांची वसाहत स्थापन झाल्यावर (१५५७) तो प्रामुख्याने चिनी अधिकाऱ्यालाच लागू लागला व पोर्तुगीजमधून इतर यूरोपीय भाषांत पसरला.

ह्या व्युत्पत्तीविषयी दीर्घकाळ वाद होता. पोर्तुगीजमध्ये ‘मांदार’ हे आज्ञा करणे ह्या अर्थी क्रियापद असून ते लॅटिन ‘मांदारे’पासून आलेले आहे. हुकूम सोडणाऱ्या अधिकाऱ्याला ‘मांदारीं’ म्हणावे हे इतके स्वाभाविक वाटते, की अनेकांनी त्यापुढे शोध घेतला नाही. चीनमध्ये दुसरीच उपपत्ती लोकप्रिय आहे. तीनुसार ‘मान् दा-रन्’ (मांचू महाशय) ह्या संबोधनापासून हा शब्द आला. तिसरे मत संस्कृत ‘मन्त्रिन्’चे.

ह्यांपैकी मांचू उपपत्ती कालक्रमाच्या पहिल्याच कसोटीवर टिकत नाही. मांचूंनी पेकिंग घेतले १६४४ मध्ये आणि पोर्तुगीज लेखनात हा शब्द त्यापूर्वी शंभरांहून अधिक वर्षे रूढ होता. तेव्हा चीनमध्ये मिंग घराणे राज्य करीत होते. ‘मांदार’ची उपपत्ती खोडणे थोडे अधिक कठीण आहे. तथापि पोर्तुगीजमध्ये त्या क्रियापदापासून ‘आज्ञा करणारा’ ह्या अर्थी ‘मांदादोर’ असा नियमित शब्द होतो. ‘ईं’ हा कर्तृवाचक प्रत्यय त्या भाषेत नाही. हा ‘मांदादोर’ इंडोनेशियन भाषेत ‘मांदोर’ (मुकादम) ह्या रूपाने खरोखरच आला आहे. ‘मांत्री’ व ‘मांदोर’ हे शब्द तेथे शेजारी नांदत असले, तरी एकाचे मूळ संस्कृत व दुसऱ्याचे लॅटिन आहे. उलट, आशियाई भाषांतील ईकारान्त शब्दाच्या शेवटी अनुनासिक लावण्याची पोर्तुगीजांची खोड सर्वत्र दिसते. कोचीचे ‘कोशीं’, लष्करीचे ‘लाश्कारीं’ झाले, त्याचप्रमाणे मंतरीचे ‘मांदारीं’ झाले. ‘त’च्या जागी ‘द’ येण्यास मात्र ‘मांदार’ ह्या परिचित क्रियापदाची ओढ कारणीभूत झाली असावी. म्हणजे मूळ संस्कृत आणि वळण पोर्तुगीज, असा हा प्रकार आहे. हेन्री यूल व ए. सी. बर्नेल ह्यांच्या हॉब्सन-जॉब्सन (१८८६) ह्या कोशात संस्कृत मूळच ग्राह्य मानले आहे.

गोव्यातील आसगाव येथे जन्मलेले कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो (१८५५–१९२२) ह्यांच्या ग्लोसारियो लुसो-आसियातिको (२ खंड, १९१९, १९२१) ह्या ग्रंथातही मलायच्या द्वारे संस्कृतपर्यंत जाणारा हाच मार्ग स्वीकारला आहे. कोकणी ही मातृभाषा, संस्कृतचा व्यासंग आणि पोर्तुगीजवर प्रभुत्व असल्यामुळे अशा शब्दांच्या दोन्ही बाजू त्यांना दिसत होत्या. ईकारान्त शब्दाला अनुनासिक लागण्याचे आणि पुढे त्याला खोटी व्युत्पत्ती चिकटण्याचे एक उदाहरण तर थेट कोकणी-मराठीतील आहे. पटकीच्या रोगाला असलेले ‘मोडशी’ हे नाव पोर्तुगीजमध्ये ‘मोर्देशीं’ झाले. फ्रेंचांनी ते ऐकून ‘मोर-द-श्याँ’ (कुत्र्याचे मरण) असे लिहिले, आणि रोगाचे स्वरूप भयंकर असल्याने ते नाव सार्थही वाटू लागले. ध्वनिसाम्य व अर्थाची सोय एवढ्यावर विसंबले, तर काय घडते ते ह्यावरून कळते.

चीन व यूरोप : चिनी भाषेत ‘मँडरिन’ हा शब्द नाही. अधिकाऱ्याला तेथे ‘ग्वान’ म्हणतात. लेखी परीक्षांद्वारे निवडलेल्या ह्या अधिकाऱ्यांच्या नऊ श्रेणी असत व टोपीवरील मणी आणि अंगरख्यावरील चौकोनी पदचिन्ह ह्यांवरून त्या ओळखू येत. मुलकी अधिकाऱ्याच्या चिन्हावर पक्षी, तर लष्करी अधिकाऱ्याच्या चिन्हावर पशू असे. निरनिराळ्या प्रांतांतील हे अधिकारी परस्परांशी ज्या सामाईक बोलीत व्यवहार करीत, तिला ‘ग्वान-ह्वा’ (अधिकाऱ्यांची बोली) असे नाव होते. जेझुइट व इतर धर्मप्रचारकांनी त्याचे शब्दशः भाषांतर ‘मँडरिनांची भाषा’ असे केले. फ्रान्सिस्को व्हारो ह्या स्पॅनिश डोमिनिकन धर्मप्रचारकाने लिहिलेले ह्या भाषेचे व्याकरण १७०३ मध्ये कँटन येथे छापले गेले; त्याच्या नावातच ‘मँडरिन भाषा’ असा उल्लेख आहे. परीक्षापद्धती १९०५ मध्ये रद्द झाली, १९१२ मध्ये राजसत्ता संपुष्टात आली आणि मँडरिन अधिकारी उरले नाहीत. भाषेला मात्र ते नाव राहिले. आज चीनमध्ये प्रमाण भाषेला ‘फूथुंग्-ह्वा’ (सर्वसामान्य भाषा), तैवानमध्ये ‘ग्वो-यू’ (राष्ट्रभाषा) व सिंगापूरमध्ये ‘ह्वा-यू’ असे म्हणतात. जगात सर्वाधिक लोकांची मातृभाषा असलेल्या भाषेला बाहेरचे लोक अशा रीतीने संस्कृत मूळ असलेल्या नावाने ओळखतात. इंडोनेशियात तर ‘मंतरी’, ‘मांत्री’ आणि चिनी भाषा ह्या अर्थी ‘मांदारिन’ असे तिघेही भाऊ एकत्र आले आहेत. तिसरा यूरोपचा फेरा करून परतला.

यूरोपात ‘मँडरिन’ला उपरोधाची धार आली. इंग्रजीत तो शब्द मंत्र्याला नव्हे, तर मंत्री बदलले तरी जागचे न हलणाऱ्या उच्च सनदी अधिकाऱ्याला लावतात. मूळ शब्दाशी हा अर्थ विसंगत असला, तरी मंत्र (गुप्त सल्ला) ज्याच्यापाशी तो मंत्री, ह्या प्राचीन कल्पनेशी तो नकळत जुळतो. फ्रेंचमध्ये तो आपापल्या क्षेत्रात मक्तेदारी गाजविणाऱ्या विद्वानांसाठी वापरतात. सीमॉन द बोव्हार हिच्या ले मँदारँ (१९५४) ह्या काबंदरीत पॅरिसमधील बुद्धिजीवी वर्गाचे चित्रण आहे. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनात विद्यापीठे व वैद्यकीय महाविद्यालये ह्यांतील ‘मँडरिनशाही’ हे टीकेचे एक लक्ष्य होते. उभ्या पट्टीची कॉलर व पूर्व आशियातील एक रंगीबेरंगी बदक ह्यांनाही हेच विशेषण लागलेले आहे.

फळाला हे नाव का पडले, ह्याविषयी एकमत नाही. अधिकाऱ्यांच्या अंगरख्यांच्या रंगावरून, असे काही म्हणतात. उत्तम प्रतीचे फळ म्हणून, असे इतर मानतात. सर एब्राहम ह्यूम ह्यांनी १८०५ मध्ये कँटनहून ह्या फळाची दोन झाडे इंग्लंडला आणविली. तेथून ते माल्टा व इटली येथे गेले. सुटी साल, सहज विलग होणाऱ्या फोडी ही ह्या वर्गातील फळांची लक्षणे होत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांची जाती सिट्रस रेटिक्युलाटा ही असून विदर्भातील संत्रेही तिच्यातच मोडते [→ संत्रे]. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या ह्या फळाला फलोद्यानशास्त्राच्या ग्रंथांतून ‘नागपूर मँडरिन’ असे म्हणतात.